माफी नेमकी कुठं उभं राहून मागायची?

नांदेडचा_सिंघ (धागाकर्ता)

मागं एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "शिखांना माफी मागितली तरी चालत नाही, भरपाई दिली तरी चालत नाही, मग हवंय तरी काय?" तिथं गाडी भलत्याच रुळावर गेली म्हणून हा वेगळा धागा. मी दखनी शीख, पिढ्यानपिढ्या नांदेडचा. घरात पंजाबी बेताचीच, दखनी हिंदी आणि मराठी जास्त. त्यामुळं अख्ख्या पंथाच्या वतीनं बोलायचा मक्ता माझ्याकडं नाही. पण वरच्या प्रश्नाचं उत्तर मला तितकं अवघड वाटत नाही. चूक कबूल करणारा कुठं उभा राहिला, कुणासमोर उभा राहिला आणि बोलला ते दप्तरात चढलं का, हे आम्ही आधी बघतो. पैशाचं नंतर.

3 ऑगस्ट 2008 चं उदाहरण घ्या. कॅनडातलं सरे शहर, बेअर क्रीक पार्क, गदरी बाब्यांचा (इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गदर चळवळीतल्या क्रांतिकारकांचा) मेळा, हजारोंची गर्दी. पंतप्रधान स्टीफन हार्पर मंचावर आले आणि कोमागाटा मारू प्रकरणाबद्दल सरकारच्या वतीनं माफी मागून गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच आयोजकांनी माईक हातात घेतला, लोकांना विचारलं आणि तिथल्या तिथं माफी नाकारली. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हा उद्धटपणा वाटला. मला नाही वाटत. याच हार्परांनी 2006 साली चिनी लोकांवरच्या डोईपट्टीबद्दल संसदेत उभं राहून माफी मागितली होती. बागेतल्या भाषणाच्या दोनच महिने आधी, 11 जून 2008 ला, मूळ रहिवाशांच्या मुलांना निवासी शाळांत डांबल्याबद्दलही संसदेतच. मग आमच्याच वेळी मेळ्याचा मंच का? संसदेत मागितली तर ती सभागृहाच्या कार्यवृत्तात जाते. मेळ्यात मागितली तर भाषण होतं, आणि भाषणं काय, निवडणुकीच्या तोंडावर रग्गड होतात. वर त्यांच्या एका मंत्र्यानं सांगून टाकलं की माफी झाली, आता पुन्हा नाही.

कोमागाटा मारू ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडानं 1908 मध्ये नियम केला की मायदेशातून थेट, प्रवास न मोडता आलेल्यालाच उतरू देऊ. हिंदुस्थानातून थेट बोट नव्हतीच. नियम कुणासाठी होता ते कळलंच असेल. बाबा गुरदित्तसिंघांनी एक जपानी बोट भाड्यानं घेतली, 376 प्रवासी घेतले, त्यात 340 शीख. 23 मे 1914 ला बोट व्हँकूव्हरला लागली आणि दोन महिने बंदरातच अडकून पडली. अन्नपाण्याचे हाल झाले. शेवटी युद्धनौका आणून 23 जुलैला तिला हाकलली. 29 सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबजला इंग्रजांनी गोळीबार केला, वीसेक प्रवासी तिथंच गेले. ज्यांनी कॅनडाचा किनारा नुसता लांबून पाहिला होता, ते बंगालमध्ये मेले.

आता मागं जाऊन 1921 बघा. अमृतसरच्या डेप्युटी कमिशनरनं हरिमंदिर साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, तोशाखान्याच्या (खजिन्याच्या) किल्ल्या जप्त केल्या. मोर्चा सुरू झाला, माणसं तुरुंगात गेली. सरकार नमलं तेव्हा किल्ल्या गुरुद्वाऱ्यांचा कारभार बघणाऱ्या शिरोमणी कमिटीच्या कचेरीत चपराशाकरवी पाठवल्या असत्या तरी व्यवहार पुरा झाला असता. पण तसं चाललं नाही. 19 जानेवारी 1922 ला सरकारी माणसाला अकाल तख्तासमोर (हे आमचं सर्वोच्च धर्मपीठ) भरलेल्या दिवाणात, म्हणजे धर्मसभेत, येऊन, संगतीच्या (जमलेल्या भाविकांच्या) डोळ्यांदेखत, कमिटीचे अध्यक्ष बाबा खडकसिंघांच्या हाती त्या द्याव्या लागल्या. गांधीजींनी तारेनं अभिनंदन केलं ते या प्रसंगाचं.

असं का, हे समजून घ्यायचं तर आमच्यातली तनखाहची, म्हणजे धार्मिक शिक्षेची, रीत बघा. ज्याच्यावर ठपका आहे तो अकाल तख्तासमोर उभा राहतो. पाच सिंघ साहिबान (जथेदार आणि ग्रंथी) वर फसीलवर, म्हणजे तख्ताच्या सज्ज्यावर असतात, खाली संगत. आरोप एकेक करून मोठ्यानं वाचतात आणि त्यानं उत्तर द्यायचं: केलं, की नाही केलं. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" ही पळवाट तिथं नाही. 2 डिसेंबर 2024 ला सुखबीरसिंघ बादल, पंजाबचे माजी उपमुख्यमंत्री, असेच समोर होते. पायाला प्लास्टर, चाकाची खुर्ची. 2015 मध्ये डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखाला तख्ताकडून मिळालेली माफी, तिच्या समर्थनार्थ वर्तमानपत्रांत दिलेल्या जाहिराती, सगळं विचारलं गेलं आणि त्यांनी हो म्हटलं. वडील प्रकाशसिंघ बादल यांची फख्र-ए-कौम (कौमेचा अभिमान) ही पदवी ते हयात नसताना काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून निळा चोला, गळ्यात पाटी, हातात भाला, आणि दाराशी सेवादार म्हणून बसायचं. नंतर खरकटी भांडी, संगतीचे जोडे. 4 तारखेला तिथंच त्यांच्यावर गोळी झाडायचा प्रयत्न झाला, साध्या वेशातल्या पोलिसानं हात धरला म्हणून वाचले. 5 तारखेला ते पुढच्या गुरुद्वाऱ्यात सेवेला हजर.

यामागं राजकारण नव्हतं असं म्हणणारा भाबडा आहे. पण माफीचा असा साचा ज्यांच्या अंगवळणी पडलाय, त्यांना बागेतली माफी पचत नाही, एवढंच सांगायचंय.

रानवारा

लेख आवडला. पण मग 2005 चं काय? मनमोहनसिंगांनी तर राज्यसभेत, म्हणजे योग्य जागीच, 1984 च्या शीखविरोधी दंगलीबद्दल माफी मागितली. नोंदीतही आहे. तरी समाधान झालं नाहीच ना?

नांदेडचा_सिंघ

प्रश्न रास्त आहे. 11 ऑगस्ट 2005. शरमेनं मान झुकवतो म्हणाले, शीख समाजाचीच नव्हे तर सगळ्या देशाची माफी मागतो म्हणाले. जागा योग्य, शब्द योग्य. पण मागणारा माणूस बघा. त्या दंगलीत ज्याच्या पगडीकडं बघून जमाव धावला असता, त्यानंच सरकारच्या वतीनं माफी मागायची. माझे वडील टीव्हीसमोर बसून एवढंच म्हणाले, "याने काय केलं होतं?"

आणि त्या माफीच्या मागं "केलं" असं म्हणणारं कुणीच नव्हतं. मारवाह समिती, मिश्रा आयोग, कपूर-मित्तल, जैन-बॅनर्जी, पोट्टी-रोशा, जैन-अगरवाल, अहुजा, नरुला, शेवटी नानावटी. एवढ्या समित्या आणि आयोग झाले, पण तोवर एकाही मोठ्या पुढाऱ्याला शिक्षा झाली नव्हती. दिल्लीतले मृत 2,733, हा आकडाही अहुजा समितीनं 1987 मध्ये ठरवून दिला तेव्हा अधिकृत झाला. भरपाई म्हणाल तर 2006 च्या पॅकेजात मृतामागं साडेतीन लाख, 2014 च्या अखेरीस आणखी पाच लाख जाहीर. ज्या बाईनं नवरा आणि मुलगे गमावले तिला तीस वर्षांनी पाच लाख. नाही म्हणणार नाही ती, का म्हणावं? पण त्याला मिटवामिटवी समजू नका.

वकीलीणबाई

थोडी कायद्याची भर घालते, कारण धाग्याच्या विषयातले अन्याय आणि धर्माचा अवमान हे दोन्ही एकाच निकालपत्रात सापडतात.

17 डिसेंबर 2018, दिल्ली उच्च न्यायालय, न्या. मुरलीधर आणि न्या. गोयल. काँग्रेसचा माजी खासदार सज्जनकुमारला 1984 च्या दंगलीबद्दल मरेपर्यंत जन्मठेप. खालच्या कोर्टानं 2013 मध्ये त्याला सोडलं होतं. प्रकरण पालम कॉलनीतल्या राजनगरचं: पाच शिखांचे खून, आणि राजनगरचा गुरुद्वारा जाळला. शिक्षा 302 (खून) खाली तर झालीच, पण 436 (जाळपोळ) आणि 295 चाही उल्लेख आहे. 295 म्हणजे प्रार्थनास्थळाची विटंबना, कमाल दोन वर्षं. म्हणजे कलम होतं, 1860 पासून होतं. ते लावायला चौतीस वर्षं गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये सरस्वती विहारच्या बापलेकांच्या खुनात त्यालाच दुसरी जन्मठेप झाली, तीही 1 नोव्हेंबर 1984 च्या गुन्ह्याबद्दल.

2018 च्या निकालात एक परिच्छेद आपण मराठी लोकांनी वाचावा असा आहे. मानवतेविरुद्धचा गुन्हा आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यातच नाहीत, ही पोकळी तातडीनं भरा, असं न्यायालय म्हणतं, आणि उदाहरणांच्या यादीत मुंबई 1993 आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाचं काय झालं ते इथं सांगायची गरज नाही. त्यामुळं "शिखांना हवंय काय" हा प्रश्न विचारताना आपलं घर काचेचं आहे हे लक्षात ठेवलेलं बरं.

ठोंब्या

सगळं मान्य. पण ताई आणि सिंघसाहेब, 84 चा अन्याय वेगळा आणि "बेअदबी", म्हणजे गुरू ग्रंथ साहिबची विटंबना, वेगळी. ग्रंथाची पानं फाडली म्हणून जन्मठेप मागणं हे मला झेपत नाही. कागद आहे शेवटी. आणि 2021 मध्ये दिल्लीच्या सिंघू सीमेवर निहंगांनी (शस्त्रधारी शीख पंथातल्यांनी) एका दलित मजुराला हालहाल करून मारलं, त्याबद्दल कुणी तख्तासमोर उभं राहिलं का?

नांदेडचा_सिंघ

ठोंब्या, दोन भागांत उत्तर देतो. तिखट प्रश्न विचारलात, बरं झालं.

"कागद आहे शेवटी" हे तुम्ही नांदेडच्या माणसाला सांगताय. 1708 साली दहाव्या गुरूंनी गुरुगद्दी ग्रंथाला दिली ती इथंच, गोदावरीच्या काठी. तेव्हापासून तो आमच्यासाठी पुस्तक नाही, गुरू आहे. पहाटे प्रकाश होतो (ग्रंथ उघडतात), रात्री सुखासन (मिटून ठेवतात). रुमाल्यात गुंडाळून स्वरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, डोक्यावर घेऊन नेणारा अनवाणी चालतो, मागं चौरी ढाळली जाते, समोर कुणी पाणी शिंपडत वाट करतं. पानाला आम्ही अंग म्हणतो. जुनं झालेलं स्वरूप रद्दीत जात नाही, त्याला अग्नी देतात. हे तुम्ही मानावं असा आग्रह नाही. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली, एका जमिनीच्या नोंदीच्या खटल्यात, गुरू ग्रंथ साहिब ही कायद्याच्या लेखी व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, असं सांगितलंय. म्हणजे सातबाऱ्यावर चालतं.

आता बरगाडी. 1 जून 2015 ला फरीदकोट जिल्ह्यातल्या बुर्ज जवाहरसिंघवाला गावच्या गुरुद्वाऱ्यातून स्वरूप चोरीला गेलं. गावानं तक्रार केली. सप्टेंबरात भिंतींवर पोस्टर लागले, उघड धमकी देणारे. 12 ऑक्टोबरला बरगाडीत अंग रस्त्यावर विखुरलेले सापडले. चार महिने! तेव्हा पोलिसांनी चोरी शोधली असती तर पुढचं काही झालंच नसतं. लोक रस्त्यावर बसले, पाठ करत. 14 तारखेला बहिबल कलाँला पोलिसांनी गोळी झाडली आणि दोघं जण मेले. म्हणजे विटंबना कुणीतरी केली आणि गोळी मात्र निषेध करणाऱ्याला. त्यानंतर काय झालं? न्या. झोरासिंघ आयोग, न्या. रणजितसिंघ आयोग, एकामागं एक एसआयटी (विशेष तपास पथकं). त्यातल्या एका एसआयटीचा तपास 2021 मध्ये उच्च न्यायालयानं रद्द ठरवला. खटले चंडीगडला हलवले गेले.

आणि या सगळ्यावर सरकारांचा उपाय कोणता? नवा कायदा. 2016 मध्ये बादल सरकारनं जन्मठेपेचं विधेयक आणलं, केंद्रानं परत पाठवलं कारण फक्त एकाच धर्माचा ग्रंथ होता. 2018 मध्ये अमरिंदरसिंघांनी गीता, कुराण, बायबल जोडून पुन्हा आणलं, ते मंजुरीवाचून लटकलं. जुलै 2025 मध्ये मान सरकारनं तिसरं मांडलं आणि दुसऱ्याच दिवशी प्रवर समितीकडं धाडलं. माझं मत विचाराल तर मी या कायद्यांच्या विरोधात आहे. वकीलीणबाईंनी म्हटलं तसं, कलम नव्हतं म्हणून बरगाडी अडलेलं नाही. चोर वेळीच सापडला असता तर दोन वर्षांच्या शिक्षेनंही मला चाललं असतं. कडक कायदा हा बागेतल्या माफीचाच भाऊ आहे: टाळ्या मिळतात, खटला जिथल्या तिथं.

सिंघूबद्दल: तो खून होता. पुढं डिसेंबरात कपूरथळ्याजवळ निजामपूरला जमावानं ज्याला मारलं, तिथं तर विटंबना झाल्याचा पुरावाच नव्हता, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. बहुतेक संघटनांनी घटनेचा निषेध करताना आधी बेअदबीचा निषेध केला आणि खुनाचा मागाहून, दबक्या आवाजात. मला ते आवडलं नाही आणि आमच्या गुरुद्वाऱ्यात बसून मी ते बोललोय.

पुण्याची_कौर

वीरजी, तुमचं बरंचसं पटलं, पण कायद्याबद्दल अजिबात नाही. दोन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा पोलीस दोन वर्षांच्या गुन्ह्यासारखाच तपासतात. चोरीला गेलेली मोटारसायकल आणि चोरीला गेलेलं स्वरूप त्यांच्या लेखी सारखंच. कलम मोठं असेल तर निदान वरिष्ठ अधिकारी तरी जागेवर येतो. हवेतलं न्यायशास्त्र सांगू नका, ठाण्यात फिर्याद द्यायला कधी गेला असाल तर कळेल.

आणि एक. तुम्ही सगळे पुरुष माफीच्या जागेची चर्चा करताय. माझी मावशी दिल्लीत तिलक विहारला राहते, ज्याला लोक सर्रास विधवा कॉलनी म्हणतात. तिला संसद आणि बाग यातलं काही पडलेलं नाही. तिचा राग वेगळाच आहे: साक्ष द्यायला ती गेली, तेव्हा विचारलं की जमावात कोण कोण होतं, आणि तिनं नावं सांगितल्यावर कागदावर "अज्ञात इसम" लिहिलं गेलं. तुमच्या त्या "दप्तरात चढलं का" या कसोटीला हे धरून आहे, म्हणून सांगितलं. माफी राहू दे, आधी तिनं सांगितलेली नावं लिहा.

सरेकर_कुलकर्णी

मी सरेतच राहतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, संसदेतली माफी अखेर मिळाली, 18 मे 2016 ला, तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडोंकडून. तेव्हाचे संरक्षणमंत्री हरजित सज्जन समोर बसले होते. 1914 मध्ये बोट हाकलायला जी पलटण तैनात होती, तिचंच नेतृत्व शंभर वर्षांनी त्यांनी केलेलं. ट्रुडोंनी भाषणात ते सांगितलं. इतका नाट्यमय दिवस, आणि त्याच संध्याकाळी सभागृहात धक्काबुक्की होऊन ट्रुडोंचं कोपर एका महिला खासदाराला लागलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत कोपर पहिल्या पानावर!

दोन, धागाकर्त्याच्या सिद्धांताला खोट काढतो. 23 जून 2010 ला हार्परांनी एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या बॉम्बस्फोटात गेलेल्या 329 मृतांच्या कुटुंबीयांची माफी मागितली, तीसुद्धा टोरंटोत तळ्याकाठच्या बागेतच, स्मारकापाशी. पण तिच्या मागं न्या. मेजर आयोगाचा अहवाल होता, त्यात सरकारी यंत्रणा कुठं कुठं चुकल्या ते पानोपानी नोंदलेलं. म्हणजे जागेपेक्षा मागचा कागद महत्त्वाचा, नाही का? आणि जाता जाता विचारतो, रागावू नका: तो बॉम्ब ज्यानं रचला असं मेजर आयोगानंच म्हटलंय, त्या तलविंदर परमारची तसबीर इथल्या एका गुरुद्वाऱ्यावर लटकलेली मी रोज ये-जा करताना बघायचो. तिथं केलं की नाही केलं हे कोण विचारणार?

नांदेडचा_सिंघ

कुलकर्णीसाहेब, रागावत नाही. मेजर अहवालाचा मुद्दा बिनतोड आहे, तो माझ्याच बाजूचा आहे असं मी म्हणणार होतो पण राहू दे. तसबिरीबद्दल: विचारलं पाहिजे, आणि तिथल्या संगतीनंच विचारलं पाहिजे. त्या विमानात शीख कुटुंबंही होती. ज्या पंथात कबुली देऊन भांडी घासायला लावायची सोय आहे, त्यानं दुसऱ्याकडून ती मागताना आपल्या भिंतीवर काय टांगलंय ते बघायला नको?

पुण्याच्या बहेनजी, मावशींना माझा प्रणाम. कायद्यावर आपलं जमणार नाही, पण "अज्ञात इसम" हे खरं दुखणं आहे.

इतिहासवेडा

अवांतर: ज्या गदरी बाब्यांच्या मेळ्यात हार्पर गेले, त्या गदर चळवळीत आपला विष्णू गणेश पिंगळे होता, तळेगाव ढमढेऱ्याचा. अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकायला गेलेला पोरगा. मार्च 1915 मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडला आणि 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोर तुरुंगात कर्तारसिंघ सराभाबरोबर फाशी दिला. पंजाबात त्याचं नाव आजही घेतात. पुण्यात दहा जणांना विचारून बघा.

गोदातीर

मीही नांदेडचाच. सिंघ, जगभराचं सांगितलंत, घरचं का गाळलंत? आपल्या तख्ताच्या, हजूर साहिबच्या, बोर्डाबद्दल बोला की.

नांदेडचा_सिंघ

गाळलं नव्हतं, धागा पेटेल म्हणून मागं ठेवलं होतं. बोर्डाचा कायदा 1956 चा, निजाम राज्य संपल्यावरच्या हैदराबादचा. 2015 मध्ये त्यात कलम 11 बदललं आणि अध्यक्ष नेमायचा हक्क सरकारनं स्वतःकडं घेतला. फेब्रुवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळानं नवा मसुदा मंजूर केला: 17 पैकी 12 सरकारनियुक्त, निवडून येणारे फक्त 3, शिरोमणी कमिटीचे 2. नांदेड बंद, मोर्चे, अमृतसरहून निषेध. मग सरकारनं ते थांबवलं.

मुंबईतल्या बाबू लोकांना वाटतं की कारभार सुधारायचा तर आमची माणसं बसवली, बिघडलं कुठं? अहो, इंग्रजांच्या काळात हरिमंदिर साहिबला सरकारनं नेमलेला सरबराह (कारभारी) असायचा. तो काढण्यासाठी माणसं मेलीत, तुरुंगात सडलीत. वर त्या किल्ल्यांची गोष्ट सांगितली ती उगाच नाही.

गोदातीर

ते ठीक. पण सरकारला घुसायला वाट कुणी करून दिली? आपल्याच लोकांनी एकमेकांवर कोर्टकज्जे करून बोर्ड प्रशासकाच्या हाती जाऊ दिला. हॉटेलांना, लॉजना, यात्रेकरूंच्या गाड्यांना कुणाचे कुणाचे ठेके आहेत ते दोघांनाही माहीत आहे. मोर्च्यात पुढं होते त्यातले निम्मे त्यात आहेत.

नांदेडचा_सिंघ

निम्मे म्हणजे जरा जास्तच म्हणालात. पण नावं इथं नकोत, दिवाणात बोलू. तुम्ही येणार असाल तर मीही उभा राहतो.